ब्राउझरच्या जोरावर विंडोजशी टक्कर: क्रोमओएसचा हिशेब

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ज्यांनी जादा वर्षाची सोय घेतली, त्यांची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमाराला घेतलेले, अजून धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप अधांतरी राहिले. अशा वेळी हमखास पुढे येणारं नाव म्हणजे गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे क्रोमबुक लॅपटॉपवर येणाऱ्या क्रोमओएसची जुन्या संगणकांवर टाकता येणारी आवृत्ती: फुकट, हलकं, आणि जवळजवळ सगळं काम ब्राउझरमध्ये करायला लावणारं. ते टाकावं का, हा छोटा प्रश्न. वेबवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम मुरलेल्या सिस्टीमच्या तोडीची होऊ शकते का, हा त्यामागचा मोठा प्रश्न. हा प्रयोग गेल्या तीस वर्षांत इतक्यांदा झालाय की उत्तर अंदाजाने द्यायची गरज उरलेली नाही.

नवं काय, उसनं काय

ऑपरेटिंग सिस्टीमला ढोबळमानाने तीन कामं असतात. कीबोर्ड, स्क्रीन, वायफाय, डिस्क ही यंत्रं चालवायची. ते ड्रायव्हर करतात. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमना मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ वाटून द्यायचा, ते कर्नलकडे. आणि तिसरं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठरावीक दारं उघडून द्यायची: फाइल वाचायची तर इथून या, पडद्यावर काही काढायचं तर तिथून.

पहिल्या दोन कामांत वेबवाल्या सिस्टीम नवं काहीच करत नाहीत. क्रोमओएसच्या पोटात लिनक्स कर्नल आहे आणि ते बांधायची हत्यारं जेंटू लिनक्सची. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या फोनसाठीच्या सिस्टीमचे तीन थर होते, गोंक, गेको आणि गाया; त्यातला तळाचा गोंक अँड्रॉइडचं कर्नल आणि ड्रायव्हर उचलूनच तयार केला होता. यात कमीपणा काही नाही. ड्रायव्हर शून्यापासून लिहायला बसलं तर पहिलं मशीन बाजारात यायच्या आत कंपनी दमेल. 'नवी ऑपरेटिंग सिस्टीम' अशी बातमी आली की तळाला कोणाचं कर्नल आहे ते आधी बघावं. निम्मं रहस्य तिथेच सुटतं.

बदल होतो तो तिसऱ्या कामात. प्रोग्रॅमला यंत्रापर्यंत पोचायला एकच दार ठेवलं जातं, ब्राउझरचं. त्यात एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट होतीच. २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली आलं आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं जड सॉफ्टवेअरही टॅबमध्ये बऱ्यापैकी वेगाने चालू लागलं. फोटोशॉपसारखा अजस्र प्रोग्रॅम आज ब्राउझरमध्ये उघडतो तो याच वाटेने. इन्स्टॉलर नाही, रजिस्ट्री नाही, 'सेटअप डॉट ईएक्सई' नाही. थोडक्यात, ही सिस्टीम वजाबाकी विकते. काय काय करता येतं यापेक्षा काय काय बिघडू शकत नाही, हा तिचा माल.

वजाबाकीतून काय मिळतं

क्रोमओएस जुलै २००९ मध्ये जाहीर झालं. डिसेंबर २०१० मध्ये सीआर-४८ नावाचा चाचणीचा लॅपटॉप लोकांना वापरायला दिला गेला. त्यात कॅप्स लॉकच्या जागी सर्चचं बटण होतं, आणि ती खोड क्रोमबुकांत आजतागायत टिकून आहे. जून २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरची पहिली क्रोमबुकं विक्रीला आली. आठ सेकंदांत सुरू होतं, ही तेव्हाची मोठी जाहिरात. त्या वेगातला बराच वाटा फर्मवेअरचा, म्हणजे बटण दाबताच सर्वांत आधी जागा होणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅमचा होता. क्रोमबुकचं फर्मवेअर त्याच यंत्रापुरतं बेतलेलं असतं, जुनीपुराणी उपकरणं शोधत बसत नाही. म्हणूनच जुन्या लॅपटॉपवर फ्लेक्स टाकल्यावर तोच वेग मिळेल अशी आशा धरू नये. सिस्टीम बदलली तरी फर्मवेअर तुमच्या लॅपटॉपचंच राहतं.

खरी कमाल अपडेटमध्ये आहे. डिस्कवर सिस्टीमच्या दोन प्रतींची जागा राखलेली असते. त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. तुमचं काम 'अ' वर चालू असताना नवी आवृत्ती मागच्या मागे 'ब' वर लिहिली जाते. लिहून झाली की कोपऱ्यात रीस्टार्टची खूण दिसते. रीस्टार्ट केलं की मशीन 'ब' वरून उठतं, नेहमीच्याच वेळात. 'ब' काही प्रयत्नांत उठलंच नाही, तर मशीन आपोआप 'अ' वर परत येतं. मध्येच वीज गेली तरी 'अ' ला धक्का लागलेला नसतो. 'संगणक बंद करू नका' असं सांगणारा तो निळा पडदा इथे मुळात लागतच नाही.

त्यात सिस्टीमचा भाग फक्त वाचता येतो, त्यावर काही लिहिता येत नाही. अस्सल क्रोमबुक सुरू होताना प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची डिजिटल सही तपासते. फर्मवेअरचा एक भाग कायमचा कुलूपबंद असतो. तिथून सुरुवात होते, मग कर्नल, मग डिस्कवरच्या सिस्टीमचा एकेक तुकडा, तो वाचताना. एखाद्या व्हायरसने एक बाइट बदलला तरी हिशेब जुळत नाही आणि मशीन चांगल्या प्रतीकडे वळतं, किंवा दुरुस्तीचा पडदा दाखवून थांबतं. वापरणाऱ्याच्या फाइली वेगळ्या भागात, त्याच्या पासवर्डशी बांधलेल्या सांकेतिक रूपात असतात. इतकं करूनही काही बिनसलं तर साइन आउट होऊन कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर ही बटणं एकदम दाबायची. याला पॉवरवॉश म्हणतात. काही मिनिटांत कोरं मशीन हातात येतं. डाउनलोड फोल्डरमधलं सगळं जातं, गूगल ड्राइव्हवरचं राहतं.

घरी एकट्याने वापरणाऱ्याला यातलं निम्मं जाणवणारही नाही. चाळीस मशीन सांभाळणाऱ्याला मात्र हे सोनं आहे. विद्यार्थी कुठल्याही मशीनसमोर बसतो, लॉगिन करतो, त्याचं सगळं समोर येतं. तास संपला की दुसरा बसतो. एक मशीन खराब झालं तर कपाटातून दुसरं काढायचं, डेटा हलवायचा प्रश्नच नाही. कुठली संकेतस्थळं उघडावीत, कुठला प्रिंटर दिसावा, हे एकाच ठिकाणी बसून ठरवता येतं. अमेरिकेतल्या शाळांनी क्रोमबुक उचलून धरलं ते यासाठी, आणि २०१४ मध्ये आलेल्या गूगल क्लासरूमने त्याला हात दिला. २०२० साली, शाळा घरी आल्या तेव्हा, बाजाराची मोजणी करणाऱ्या आयडीसी या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे क्रोमओएसच्या संगणकांनी विक्रीत मॅकला मागे टाकलं. वेबवाल्या सिस्टीमने प्रस्थापितांना दिलेली ती सर्वांत मोठी टक्कर. ती दिली कोणाच्या बळावर, तर वापरणारा वेगळा आणि सांभाळणारा वेगळा असतो अशा गिऱ्हाइकाच्या.

मायक्रोसॉफ्टने हेच का केलं नाही? केलं, आणि पुन्हापुन्हा तोंडघशी पडलं. २०१२ मध्ये विंडोज आरटी आलं. त्यावर जुने विंडोज प्रोग्रॅम चालत नव्हते, आणि २०१३ च्या जुलैत सरफेस आरटी या टॅबलेटच्या पडून राहिलेल्या मालापोटी कंपनीला ९० कोटी डॉलरची तोशीस लागली. २०१७ मध्ये फक्त स्टोअरमधली अॅप्स चालवणारं विंडोज १० एस आलं. विंडोज १० एक्स तर बाजारात न येताच २०२१ मध्ये गुंडाळलं गेलं. त्याच वर्षी शाळांसाठी विंडोज ११ एसई आलं, त्याचाही आधार ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतो. विंडोज नाव लावलं की गिऱ्हाईक गृहीत धरतो की माझा पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम चालणार. तो चालला नाही की ते 'मोडकं विंडोज' ठरतं. क्रोमबुककडून तशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. प्रस्थापिताला वजाबाकी जमत नाही, ही नवख्याची खरी संधी.

दार एकाच बाजूने उघडतं

आता अडचण. वेबवाल्या सिस्टीमवर जे जे चालतं ते सगळं विंडोजवरही चालतं, कारण क्रोम तिथेही आहे. उलट मात्र नाही. दुकानात दोन लॅपटॉप शेजारीशेजारी ठेवले, किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असला, तर कोणीही दोन्ही करणारा उचलेल. वेब जितकं समर्थ होत जातं तितका क्रोमओएसचा फायदा व्हायला हवा, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात फायदा सगळ्यांचा सारखाच होतो, आणि नवख्याच्या हातात फरक म्हणून दाखवायला काही उरत नाही.

लॅरी एलिसन यांच्या ओरॅकलने १९९५-९६ मध्ये 'नेटवर्क कॉम्प्युटर' म्हणून पाचशे डॉलरचं, डिस्कशिवायचं यंत्र पुढे आणलं होतं. तेव्हा घरोघरी डायल-अप होतं, आणि बघता बघता पूर्ण पीसीच त्या किमतीच्या जवळ घसरला. तो प्रयत्न तिथेच विरला. पाम या फोन बनवणाऱ्या कंपनीचं वेबओएस २००९ मध्ये आलं, कौतुकही खूप झालं; एचपीने १२० कोटी डॉलर देऊन पाम विकत घेतली आणि टचपॅड हा टॅबलेट बाजारात आल्यावर सात आठवड्यांत, ऑगस्ट २०११ मध्ये, ती उपकरणं बंद केली. पुढे ते एलजीने घेतलं. आज एलजीचे टीव्ही त्यावर चालतात, आणि फार छान चालतात. टीव्हीवर कोणी टॅली किंवा पेजमेकर मागत नाही ना!

आपल्याकडे जवळून पाहायला मिळाला तो फायरफॉक्स ओएसचा प्रयोग. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने क्लाउड एफएक्स हा फोन १,९९९ रुपयांना आणला. त्यात रॅम होती १२८ एमबी. नेट टू-जी. फोनची प्रत्येक अॅप म्हणजे मुळात वेबपान, म्हणजे ते दाखवायला ब्राउझरचं इंजिन सतत मेमरीत हवं. १२८ एमबीतून कर्नल, ड्रायव्हर आणि इंजिन वजा केल्यावर अॅपसाठी उरणार किती? एका अॅपमधून दुसऱ्यात गेलं की पहिली मेमरीतून हाकलली जायची. परत आलं की पहिल्यापासून सुरू. स्पर्शाला प्रतिसाद अडखळत यायचा. वेबचा मूळ खर्च असा आहे: तयार मशीन कोडपेक्षा त्याला जास्त मेमरी लागते, आणि ही सिस्टीम नेमकी सर्वांत कमी मेमरीच्या फोनवर बसवली गेली.

तरी मेमरीचं दुखणं पुढेमागे सुटलं असतं. जीव घेतला तो व्हॉट्सअॅपने. अधिकृत व्हॉट्सअॅप तिथे कधी आलंच नाही. वापरणारे कमी म्हणून अॅप नाही, आणि अॅप नाही म्हणून वापरणारे कमी. मोझिलाने डिसेंबर २०१५ मध्ये कंपन्यांमार्फत फोन विकणं थांबवलं.

पण कोड खुला होता. त्याचाच धागा पकडून कायओएस तयार झालं आणि २०१७ मध्ये जिओफोनमध्ये बसलं: ५१२ एमबी रॅम, बटणांचा कीपॅड, दीड हजार रुपये अनामत. सिस्टीमचा वंश तोच, मग नशीब का पालटलं? मेमरी चौपट, फोर-जी, आणि स्पर्धा अँड्रॉइडशी नसून साध्या बटणवाल्या फोनशी. मागे अख्खी टेलिकॉम कंपनी उभी असल्याने अॅपवाल्यांना गिऱ्हाईक दिसत होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये जिओफोनवर व्हॉट्सअॅप आलं. ज्याने फायरफॉक्स ओएसला बुडवलं, तेच चार वर्षांनी तिच्या वारसाच्या दारात चालत आलं. म्हणून अशा सिस्टीमबद्दल 'तंत्र चांगलं आहे का' यापेक्षा 'ती नक्की कोणाशी भिडतेय' हा प्रश्न आधी विचारावा असं आमचं मत आहे.

आणि क्रोमओएस? ते टिकलं, पण निव्वळ वेबवालं राहून नाही. २०१६ मध्ये त्यावर अँड्रॉइडचं प्ले स्टोअर आलं. त्याच वर्षी गूगलने स्वतःच्याच 'क्रोम अॅप्स' बंद करायचं जाहीर केलं. २०१८ मध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय आली. ते एका बंदिस्त आभासी यंत्रात, डेबियन या लिनक्सच्या डब्यात चालतात, म्हणजे तिथे काही बिघडलं तरी मूळ सिस्टीम शाबूत. २०२४ मध्ये सिस्टीमचा पाया अँड्रॉइडच्या जवळ नेत असल्याचं गूगलने सांगितलं आणि २०२५ मध्ये दोन्ही एकाच व्यासपीठावर आणणार असल्याचं उघड बोलून दाखवलं. ब्राउझर पुरे, म्हणून जी सिस्टीम निघाली तिने पंधरा वर्षांत दोन जादा दारं उघडली. टक्कर द्यायची किंमत ही अशी मोजावी लागते.

आपल्या टेबलावर अडतं कुठे

रोजच्या शंभर कामांपैकी नव्वद ब्राउझरमध्ये होतात, यात आता वाद नाही. बँक, ईमेल, रेल्वेचं तिकीट, डिजिटल सहीचा सातबारा, शाळेचे निकाल, व्हिडिओ कॉल. अडतं ते उरलेल्या दहांत, आणि ती दहा नेमकी पोटापाण्याची असतात.

जीएसटीचं उदाहरण घ्या. मालकी हक्काचं दुकान असेल तर विवरणपत्रावर ओटीपीने होणारी पडताळणी, म्हणजे ईव्हीसी, चालते; ब्राउझर पुरतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही, म्हणजे डीएससी, लागते. ती यूएसबी टोकनमध्ये असते. टोकनचा ड्रायव्हर संगणकावर बसवावा लागतो आणि सही करणारा छोटा प्रोग्रॅमही. पानावरचं 'सही करा' बटण त्या प्रोग्रॅमशी बोलतं. हे सगळं विंडोज धरून बनवलेलं आहे. क्रोमओएसवर ते बसवायला जागाच नाही. ई-निविदा भरणाऱ्यांचंही तेच. आधारच्या बोटांच्या ठशांचं यंत्र चालवायला 'आरडी सर्व्हिस' लागते, ती विंडोज किंवा अँड्रॉइडवर मिळते. म्हणजे सेवा केंद्र चालवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. यूएसबी उपकरणाशी ब्राउझरने थेट बोलायची सोय क्रोममध्ये २०१७ पासून आहे, पण फायरफॉक्स आणि सफारीने ती सुरक्षेच्या कारणावरून घेतलेली नाही, त्यामुळे सरकारी संकेतस्थळं तिच्या भरवशावर बांधली जातील असं दिसत नाही.

प्रिंटर हा दुसरा खड्डा. वायफायवर चालणारे नवे प्रिंटर आयपीपी नावाची सामायिक भाषा बोलतात, ते क्रोमओएसला आपोआप दिसतात. पण आपल्याकडच्या कार्यालयांत ठाण मांडून बसलेला कॅनन एलबीपी २९०० घ्या. तो कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो. पान ठिपक्यांत बदलायचं काम प्रिंटर करत नाही, संगणकावरचा ड्रायव्हर करतो. तो ड्रायव्हर क्रोमओएससाठी नाही. पूर्वी गूगल क्लाउड प्रिंटच्या आडवाटेने दुसऱ्या संगणकामार्फत छापता यायचं, ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

मराठी मजकुराचं काय? युनिकोडमध्ये लिहिलेलं सगळं व्यवस्थित दिसतं, टंकायची सोयही सिस्टीममध्येच आहे: सेटिंग्जमधल्या इनपुट मेथडमध्ये मराठी जोडायची, कंट्रोल आणि स्पेसने भाषा बदलायची. इनस्क्रिप्टवर हात बसलेल्यांनी आपला कीबोर्ड त्या यादीत आहे का ते आधी पाहावं. खरं दुखणं जुन्या फाइलींचं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या फाइलींत अक्षरं रोमन संकेतांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की पत्रिकेच्या जागी 'वडाची साल पिंपळाला' छाप खिचडी दिसते. क्रोमओएसमध्ये फॉन्ट बसवायची सोय नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच उपाय. डीटीपीचं काम करणाऱ्याने तर विचारही करू नये.

एक्सेलच्या वेब आवृत्तीत व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत. पगारपत्रकाच्या शीटमध्ये कोणीतरी पूर्वी बटण करून ठेवलेलं असतं, ते दाबलं की काहीच होत नाही. टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर. दूरच्या सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून उघडता येतं, पण त्याचं भाडं दर महिन्याला, आणि नेट गेलं की खातं गेलं.

नेट गेल्यावर संगणक ठप्प होतो, हा समज मात्र अर्धाच खरा. पहिलं लॉगिन नेटशिवाय होत नाही, नंतरची होतात. गूगल डॉक्स नेटशिवाय चालतात, अट एवढीच की ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'ऑफलाइन' आधीच चालू केलेलं असावं आणि हव्या त्या फाइलीला 'ऑफलाइन उपलब्ध' अशी खूण केलेली असावी. ही खूण नेट असतानाच करायची. नेट गेल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

फ्लेक्स टाकून पाहायचं असेल तर

हवं काय: ६४ बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी डिस्क, यूएसबीवरून सुरू होण्याची सोय, आणि ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह. २०१० च्या आधीचं मशीन असेल तर नाद सोडा. गूगलने तपासलेल्या मॉडेलांची यादी प्रसिद्ध केलेली आहे. तुमचं मॉडेल 'प्रमाणित' आहे, की 'किरकोळ अडचणी' या खान्यात, आणि त्याचा आधार कोणत्या वर्षी संपतो, ते तिथे पाहा. यादीत नसलेली मशीनंही बऱ्याचदा चालतात, फक्त एखाद्या अपडेटनंतर आवाज बंद पडला तर दाद मागायला जागा नसते.

चालू असलेल्या कुठल्याही संगणकावर क्रोममध्ये 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' हे एक्स्टेन्शन जोडा. मॉडेल विचारेल तिथे यादीतून 'गूगल क्रोमओएस फ्लेक्स' निवडा, मग पेनड्राइव्ह निवडा. त्यावरचं सगळं पुसलं जातं. काम झाल्यावर विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारेल, कारण आतले भाग त्याला कळत नाहीत. तिथे 'हो' दाबलं की केलेलं काम पाण्यात. जुना लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूटचं बटण दाबत राहा: डेल, लेनोवो आणि एसरला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप.

आता दोन पर्याय दिसतील. 'आधी वापरून पाहा' हाच निवडा. सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालते, लॅपटॉपच्या डिस्कला हात लागत नाही. थोडी संथ वाटेल, तो दोष पेनड्राइव्हचा. या अवस्थेत किमान दोन दिवस रोजचं काम करून बघावं. वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं. सर्वांत जास्त दगा देतं ते झाकण: लॅपटॉप मिटून अर्ध्या तासाने उघडा आणि वायफाय परत जोडलं जातं का पाहा. बोटाच्या ठशाचं बटण चालणार नाही, ते गृहीत धरा. घरातला प्रिंटर याच टप्प्यावर जोडून एक पान छापा.

सगळं जमलं तर मगच 'इन्स्टॉल'. इथे पूर्ण डिस्क पुसली जाते. विंडोज एका बाजूला ठेवून फ्लेक्स दुसऱ्या बाजूला, अशी अधिकृत सोय नाही. म्हणून फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि ब्राउझरमधले पासवर्ड खात्याशी जुळलेत याची खात्री करा. इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही असं झालं तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, स्टोरेजचा प्रकार बहुधा 'रेड' (RAID) असतो. तो 'एएचसीआय' करा. पेनड्राइव्ह नंतर नेहमीच्या वापराला हवा असेल तर त्याच रिकव्हरी युटिलिटीतून पुसून घ्या.

फ्लेक्स म्हणजे पूर्ण क्रोमबुक नाही, हे ध्यानात असू द्या. त्यावर प्ले स्टोअर नाही, म्हणजे अँड्रॉइड अॅप्स नाहीत. व्हॉट्सअॅप वापरायचं तर ब्राउझरमधलं. गूगलची सुरक्षा चिप नसल्याने वर सांगितलेली सह्यांची साखळी तशीच्या तशी मिळत नाही. त्याऐवजी लॅपटॉपचं सिक्युअर बूट, म्हणजे चालू होताना सही तपासायची त्याची स्वतःची सोय, वापरलं जातं. लिनक्सची सोय काही मॉडेलांवरच चालते.

४ जीबी रॅमवर आठ-दहा टॅब आरामात निघतात. त्यापुढे सिस्टीम मेमरीतली माहिती दाबून जागा करते, आणि तेही पुरेनासं झालं की न वापरलेली टॅब मेमरीतून काढते. त्या टॅबवर परत गेलं की पान नव्याने उघडतं. बातमी वाचत असाल तर काही बिघडत नाही. पण अर्धवट भरलेला प्रवेशअर्ज असेल तर भरलेलं जातं. लांबलचक अर्ज भरताना बाकीच्या टॅब बंद ठेवाव्यात, किंवा मजकूर आधी डॉक्समध्ये लिहून चिकटवावा. रॅम ८ जीबी करता येत असेल तर तो खर्च नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी शहाणपणाचा.

एकच मशीन अनेकांनी वापरायचं असेल तर आणखी एक खोच आहे. डिस्क भरत आली की सिस्टीम फार दिवस न आलेल्या वापरकर्त्याचा मशीनवरचा साठा आपोआप काढून टाकते. ड्राइव्हवरचं सुरक्षित राहतं, डाउनलोडमधलं नाही. ग्रंथालयात किंवा शाळेत 'माझ्या फाइली गेल्या' अशी तक्रार येते ती बहुधा यातून.

नवं किंवा वापरलेलं क्रोमबुक विकत घेणार असाल तर रॅम आणि स्क्रीनच्या आधी अपडेटची शेवटची तारीख पाहा. सुरुवातीला ही मुदत तीन वर्षांचीच होती, मग वाढत वाढत साडेसहा झाली, मग आठ. चालती मशीनं भंगारात जातायत म्हणून अमेरिकेत ओरड झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ती दहा वर्षांवर नेली. मुदत मोजली जाते ती तुम्ही खरेदी केल्यापासून नाही, तर त्या प्रकारचं यंत्र पहिल्यांदा बाजारात आल्यापासून. म्हणजे खोकं न उघडलेलं, सवलतीत मिळणारं 'नवं' क्रोमबुक मुदतीतली चार वर्षं दुकानातच घालवून आलेलं असू शकतं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट क्रोमओएस' उघडा, जादा तपशिलात जा. अपडेटची तारीख तिथे महिना-वर्षासह लिहिलेली असते. विकणारा ते पान उघडून दाखवायला टाळाटाळ करत असेल तर पैसे खिशातच राहू द्यावेत.